गावकीनं आईला वाळीत टाकलंय, दंड भरून मोकळं व्हावं का?

प्रश्न: ताई, आमचं गाव रायगड जिल्ह्यात. वडील गेले त्या दिवशी आईनं बायकांना बांगड्या फोडू दिल्या नाहीत, कुंकू पुसू दिलं नाही. "मी परकरात होते तेव्हापासून कुंकू लावतेय, ते काय ह्यांनी दिलेलं नाही," एवढंच म्हणाली. तेव्हा सगळे गप्प बसले. वर्षश्राद्ध झालं आणि यंदा गौर आली तेव्हा पूजा तिनं स्वतः केली. मग गावकीची बैठक बसली. चाल मोडली म्हणून २५,००० रुपये दंड, शिवाय देवळात नारळ ठेवून सगळ्यांसमोर माफी मागायची. तोवर वाळीत. तिच्याशी जो बोलेल, तिच्या घरी जाईल, त्याला ५,००० दंड. शिमग्याला पालखीही आमच्या दारात येणार नाही.

दादा मुंबईत असतो. तो म्हणतो, पैसे भरून मोकळं होऊ, मला मुलीचं लग्न करायचंय. आई म्हणते, "भरलेस तर या घरात पाऊल टाकू नकोस." मी पनवेलला. आम्ही देवाधर्माची माणसं, कोर्टाची पायरी कधी चढलो नाही. गावकी म्हणते, हा धर्माचा विषय आहे, पोलिसांचा नाही. आई ६३ वर्षांची, एकटी राहते. रात्री छातीत दुखलं तर दारात कोण येणार? आईला समजावू की दादाशी भांडू?
– धाकटी लेक

उत्तर: तुम्ही दोनच पर्याय लिहिलेत. त्यातला आईला समजावण्याचा आधी बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात आपल्याला काय हवंय हे पक्कं ठाऊक असलेलं एकच माणूस आहे, ते म्हणजे तुमची आई. घरात प्रेत असताना, रडारड चालू असताना, चार बायका हात धरायला पुढे आलेल्या असताना तिनं जे सांगितलं ते कोणी पढवलेलं नव्हतं. आज तिला "गावाशी वाकडं कशाला" हे ऐकवायला गावकी आहे, मुंबईची भावकी आहे, पोटचा मुलगा आहे. त्यांत तुमची भर नको.

मला खरी धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. दादा एखाद्या शनिवारी गावी जाईल, तुम्हाला न सांगता पंचांच्या हातात पैसे ठेवेल आणि "मिटलं" असा तुम्हाला फोन करेल. तसं होऊ देऊ नका. पैसे दादाच्या खिशातले असले तरी माफी आईच्या नावावर मांडली जाणार. संध्याकाळपर्यंत ती तिच्या कानावर जाणार, आणि गावकीनं जे केलं त्यापेक्षा मुलानं केलेलं तिला जास्त लागणार. भांडायचंच असेल तर एवढ्या एका मुद्द्यावर भांडा: आईच्या वतीनं कबुली देण्याचा हक्क त्याला नाही.

पण दादाला भित्रा ठरवून मोकळं व्हायला मी तयार नाही. वाळीत पडण्याची भीती काय असते हे भल्याभल्यांनी अनुभवलंय. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता स्वीकारून बाजूला ठेवला. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, तक्रार शंकराचार्यांपर्यंत पोचली, ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. चहाच्या एका कपापायी घराघरांत श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकींना माहेरी येणं अवघड झालं. शेवटी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसानं प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या बाजूच्या सुधारकांनीच त्यांना बोल लावले. मला ते बोल फारसे पटत नाहीत. आप्तांची कोंडी समोर दिसत असताना माणूस वाकतो, त्यात काही वेळा दुबळेपणापेक्षा माया जास्त असते. फक्त एक लक्षात घ्या, रानडे वाकले ते स्वतःच्या नावावर. दुसऱ्या कोणाची मान त्यांनी धरून वाकवली नाही. दादाला हे सांगून बघा.

त्यातून, २५,००० भरल्यावर विषय संपतो हा त्याचा हिशेबही मला कच्चा वाटतो. पुढच्या गौरीला आई पूजा करणार की नाही? करणार असेल तर पुढच्या वर्षी परत दंड. करणार नसेल तर दादानं पैसे देऊन आईची गौर विकली, असा त्याचा अर्थ होतो. हे त्याला जरा कडक वाटेल, पण बोला.

आता गावकीविषयी. तुमच्या गावातल्या लोकांना आईचं वागणं आवडलं नाही, तर न आवडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ओटीवर बसून तिला नावं ठेवण्याचा आहे. एखाद्या म्हातारीला मनापासून वाटलं की विधवेच्या हातची गौर मला पाहायची नाही, तर तिनं येऊ नये. तिलाही कोणी ओढून आणू शकत नाही. आईचं स्वातंत्र्य जितकं खरं, तितकंच त्या म्हातारीचं. इथपर्यंत कायद्याचं काही काम नाही, आणि मी तुम्हाला पोलिसांकडे पाठवणारही नाही.

तुमच्या पत्रातलं ५,००० रुपयांचं वाक्य मात्र या सगळ्याच्या पलीकडचं आहे. आईकडे जो जाईल त्याला दंड. सगळ्या गावाला तिचा राग असता, तर या दंडाची गरजच पडली नसती. पंचांना पक्कं माहीत आहे की गावातल्या काही बायका जाणार आहेत, बोलणार आहेत, कदाचित मनातून म्हणतही असतील की बरं केलं हिनं. त्यांना अडवण्यासाठी तो आकडा आहे. स्वतः न जाणं वेगळं आणि ज्याला जायचंय त्याच्या वाटेत उभं राहणं वेगळं. गावकीनं हे दुसरं काम केलंय, आणि त्याचा अधिकार तिला ना रूढीनं मिळतो ना कायद्यानं.

"हा धर्माचा विषय आहे" या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते नीट सांगते. मुंबई राज्यानं १९४९ साली धर्म-समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बहुमतानं तो रद्द केला. संप्रदायाला आपला धार्मिक कारभार स्वतः पाहण्याचा जो हक्क संविधानाच्या अनुच्छेद २६ मध्ये दिलाय, त्यात धार्मिक कारणासाठी माणसाला बाहेर काढणंही येतं, असं बहुमताचं म्हणणं. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत एकट्याचं आणि उलट होतं. बहिष्कृत माणसाचं माणूसपणच काढून घेतलं जातं, आणि ते थांबवणारा कायदा योग्यच आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला तीच पटते. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं हा सगळा प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. म्हणजे धर्मगुरू आणि अनुयायी यांच्यातली हद्द कुठे आखायची, याचा वाद न्यायालयातही साठ वर्षं मिटलेला नाही.

पण तुमची गावकी हा संप्रदाय नाही. तिला धर्मगुरू नाही, दीक्षा नाही, ग्रंथ नाही. एका गावात राहणाऱ्या लोकांची ती बैठक आहे. देवळाची व्यवस्था पाहते म्हणून ती देवाची मुखत्यार होत नाही. तुमच्या आईनं देव नाकारलेला नाही, उलट तिनं गौर पुजलीये. भाविक बाईला तिची पूजा थांबवायला सांगणारे लोक धर्माचं रक्षण करतायत, असं म्हणणं मला तरी जड जातं. संविधानाचा अनुच्छेद २५ श्रद्धेचा हक्क प्रत्येक व्यक्तीला देतो. तो आईचा आहे, गावकीच्या मार्फत तिच्याकडे आलेला नाही.

आणि "आपल्यात असंच असतं" म्हणणाऱ्यांना हेरवाडचं नाव सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेही गावच आहे, तिथेही देऊळ आहे. जाता जाता हेही म्हणते, की उद्या एखाद्या गावानं उलटा हुकूम काढला आणि ज्या बाईला कुंकू नकोय तिला ते लावायची सक्ती केली, तर तिच्या लेकीलाही मी हेच उत्तर लिहीन.

आता तुम्हाला हातात धरता येईल असं काही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळानं तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो लागू झाला. (डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली, संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात, बहिष्कार टाकणं हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली होती. मसुद्याला आधार घेतला होता ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्याचा. आपल्याकडे सत्तर वर्षं लागली.) या कायद्याप्रमाणे एखाद्याशी व्यवहार तोडायला लावणं, सण-समारंभात किंवा धार्मिक विधीत भाग घेऊ न देणं, देवळात, स्मशानात, समाजमंदिरात मज्जाव करणं, एवढंच काय, अमुकच पेहराव करा अशी सक्ती करणंसुद्धा बहिष्कारात धरलं जातं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावातल्या प्रत्येक दारात जाणारी पालखी ठरवून एकच दार चुकवते, ते यात बसतं.

या कायद्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. तक्रार आईनंच द्यायला हवी असं नाही, घरातलं कोणीही देऊ शकतं, म्हणजे तुम्हीही. पण आईला विचारल्याशिवाय देऊ नका. दादानं परस्पर माफी मागणं आणि तुम्ही परस्पर तक्रार करणं यांत मला फार फरक दिसत नाही, दोन्हीकडे ठरवणारे तुम्ही आणि गावात राहणारी ती. दुसरी गोष्ट, ज्याच्यावर अन्याय झाला त्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर हा गुन्हा तडजोडीनं मिटवता येतो. आईला शेजारच्या पोरांना तुरुंगात पाठवायचं नसणार, कोणाला असतं? तिला सांगा की तक्रार म्हणजे परतीचा दोर कापणं नव्हे.

कडू बाजूही ऐकून ठेवा. हा गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्रही आहे. पंच जामिनावर घरी येतील आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर आईला भेटतील. पोलीस ठाण्यात "गावात मिटवा की, बाई" असंही ऐकावं लागेल. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, तिथेही काही हललं नाही तर थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि गावकी शिमग्याआधी पुन्हा बैठक लावणार आहे असं कळलं, तर ती बैठक भरण्याआधीच मनाई करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यासाठी अर्ज करा.

या सगळ्याआधी मी एक पायरी सुचवीन. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं 'जातपंचायतीला मूठमाती' हे अभियान २०१३ पासून नेमकं हेच काम करतंय. त्यांचे कार्यकर्ते पंचांसमोर बसतात, कायदा समजावतात, पोलिसांशी बोलतात, आणि काही जातपंचायतींनी अशा बोलण्यानंतर आपणहून गाशा गुंडाळलाय. तुम्ही देवाधर्माच्या, ते अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे, म्हणून बिचकू नका. देव मानता का असं विचारून ते मदत करत नाहीत. गावाबाहेरचा जाणता माणूस समोर बसला की पंचांनाही माघार घ्यायला सन्मानाची वाट मिळते. ती वाट त्यांना द्यायला हवी असं माझं मत आहे, कारण तुमच्या आईला त्याच लोकांत राहायचंय.

पुरावे मात्र आजपासून जमवा. बैठक कोणत्या तारखेला झाली, कोण बोललं, दंडाचा आकडा कोणी सांगितला, हे आईला विचारून वहीत उतरवा. व्हॉट्सॲपवर गावच्या ग्रुपमध्ये काही लिहिलं गेलं असेल तर ते जपून ठेवा. मुलाच्या बारशाला आईला बोलावलं आणि मग नको म्हटलं, दुकानदारानं सामान दिलं नाही, असं जे जे घडेल ते तारखेसकट. पंच तोंडी हुकूम देतात ते यासाठीच, की उद्या "आम्ही कुठे काय म्हणालो" म्हणता यावं.

रात्री छातीत दुखलं तर? तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. कायदा तिथे रात्री दोन वाजता येणार नाही. १०८ ची रुग्णवाहिका येते, पण तिला वाडीतला रस्ता दाखवायला कोणीतरी लागतं. म्हणून तुमचं पहिलं काम पोलीस ठाण्यात नसून वाडीतच आहे. पंच ठरवतात खरं, पण त्यांचा ठराव अमलात येतो तो शेजारणीच्या हातून. १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींनी ठरवलं की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. शास्त्रार्थ करणारे शास्त्रार्थ करत राहिले, पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. तुमच्या वाडीत असं कोण आहे ते आईला विचारा. तिला माहीत असतं. अंगणात कोणी नसताना कोणती बाई तिच्याकडे बघून हसते, वड्या कोण लपवून आणून देते, कोणत्या घरातली सून "काकी" म्हणून हाक मारते. अशा दोन घरांत तुम्ही स्वतः जा. त्यांना उघड बाजू घ्यायला सांगू नका, ५,००० रुपये हा त्यांच्यासाठी मोठा आकडा आहे. रात्री फोन आला तर उठाल का, एवढंच विचारा. आणि तो दंड मागणं हाच गुन्हा आहे हे त्यांच्या घरच्या पुरुषांच्या कानावर घाला. भीती अशी एकेका घरात कमी होत जाते.

भाचीच्या सोयरिकीबद्दल थोडक्यात. ज्या घरात आजीच्या कुंकवावरून स्थळ नाकारलं जाईल, त्या घरात ती मुलगी कशी नांदणार, हे दादानं मुलीला एकदा विचारावं. या सगळ्या चर्चेत तिला अजून कोणी विचारलेलं दिसत नाही.

आणि आईचं मन उद्या बदललं तर? एकटेपणानं माणूस थकतं. कदाचित माघ उलटता उलटता ती तुम्हाला म्हणेल, "भरून टाक बाई, मला पालखी दारात हवी." तसं झालं तर तिला लढ्याच्या गोष्टी ऐकवू नका, तिचा निर्णय म्हणून मान्य करा. तक्रारीचा हक्क त्यानं जात नाही, सक्तीनं घेतलेला दंड हाही त्या गुन्ह्याचाच भाग आहे. फक्त तो शब्द तिच्या तोंडून यायला हवा.

तूर्त येत्या रविवारी दादाला घेऊन गावी जा. पंचांच्या घरी न जाता आधी आईच्या घरी बसा, आणि तिला तीन गोष्टी विचारा: तक्रार द्यायची का, मूठमातीच्या कार्यकर्त्यांना बोलवायचं का, आणि शिमग्याचे दिवस तिला गावातच काढायचेत की पनवेलला. ती गावातच म्हणाली तर तुम्ही दोघांनीही तेव्हा तिथे राहा, रजा आत्ताच टाका. अर्ज दिलात तर त्याची एक प्रत पोलीस ठाण्याचा शिक्का आणि तारीख घेऊन आईच्या कपाटात ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर भागवू नका.